मोठ्या बोअरची शिकारी काडतुसं: नाव एकाचं, घडण दुसऱ्याची

'.५०० जेफरी' नावाचं एक काडतूस आहे. पितळी पुंगळी, जाडजूड गोळी आणि बुडावर ठसठशीत उमटवलेलं नाव. जेफरी म्हणजे लंडनची डब्ल्यू. जे. जेफरी अँड कंपनी. आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये या पेढीचा मोठा दबदबा होता. त्यामुळे हे काडतूस इंग्रजांनी घडवलं, असंच अनेक वर्षं धरलं गेलं. प्रत्यक्षात ते जर्मनीतल्या सूल या गावचं आहे. सूल आजच्या थुरिंगिया राज्यात येतं आणि तिथे कित्येक पिढ्या बंदुका बनत आल्या. त्या गावातल्या आउगुस्ट श्यूलर यांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर हे काडतूस '१२.७ × ७० श्यूलर' या नावाने आणलं. जेफरीने ते पुढे आपल्या यादीत घेतलं, आपलं नाव दिलं, आणि जग त्याला त्याच नावाने ओळखू लागलं.

हे एकच उदाहरण असतं तर सोडून देता आलं असतं. पण मोठ्या बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास; नावातला आकडा तोच, साधारण इंचांत) शिकारी काडतुसांच्या इतिहासात असे वाद पावलोपावली भेटतात. .४७० नायट्रो एक्सप्रेस ('नायट्रो' म्हणजे धूर न करणाऱ्या दारूचं) कोणत्या साली आलं, यावर संदर्भग्रंथ एकमेकांशी भांडतात. .६०० नायट्रो एक्सप्रेसचं साल कुणी १८९९ सांगतं, तर कुणी १९०३ पर्यंत पुढे नेतं. .४५८ लॉट खरोखर लॉटचं की आधीच्या कुणाचं, यावर आजही जाणकार हिरिरीने बोलतात. हा सगळा गोंधळ आळशीपणातून झालेला नाही. काडतूस नेमकं काय असतं आणि त्याचा धंदा कसा चालायचा, हे कळलं की तो का झाला ते उलगडतं.

आधी काडतूस समजून घेऊ. त्यात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडावर घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, ठिणगी दारूत जाते, दारू जळून वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. त्या क्षणी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटून वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती आक्रसते आणि बाहेर काढता येते. हत्ती, गेंडा, रानरेडा अशा अंगावर चालून येणाऱ्या जनावरांसमोर शिकारी उभा असताना ही पुंगळी चेंबरमध्ये अडकली तर दुसरा बार भरता येत नाही. म्हणून या काडतुसांच्या रचनेत पुंगळीचा आकार, तिची कड आणि आतला दाब यांना इतकं महत्त्व आहे.

आता यातलं 'नवं' काय, हे ठरवायचं कसं? पुंगळीचा आकार जुना असू शकतो, दारू नवी असू शकते. दारूही जुनी असली तरी गोळीवर तांबं-निकेलचं कवच चढवलेलं असू शकतं. काडतूस तेच राहून फक्त ते झाडणारी रायफल बदललेली असू शकते. या प्रत्येक पायरीवर वेगळ्या माणसाचा हात लागतो, आणि वाद घालणारी माणसं बहुतेक वेळा वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी राहून बोलत असतात.

त्यात धंद्याची रीत अशी की गोंधळ व्हायलाच हवा. लंडन आणि बर्मिंगहॅमचे नामवंत बंदूकवाले रायफली बनवत, पण काडतुसं सहसा स्वतः बनवत नसत. ते काम किनॉक आणि ईली यांसारख्या मोठ्या दारूगोळा कारखान्यांकडे असे. किनॉक बर्मिंगहॅमची, १८६२ सालची. ईली लंडनची. बंदूकवाला नकाशा घेऊन येई किंवा नुसती गरज सांगे. कारखान्यातले लोक साचे काढत, पुंगळ्या ओढत, दारूचं माप ठरवत, चाचण्या घेत. शेवटी डब्यावर आणि बुडावर नाव मात्र बंदूकवाल्याचं. दागिना घडवतो कारागीर आणि त्यावर शिक्का उमटतो पेढीचा, तसाच हा प्रकार. त्या कारखान्यांतल्या आखणीकारांची नावं आपल्यापर्यंत जवळजवळ आलेलीच नाहीत, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच वाटते.

काही पेढ्या आपलं काडतूस स्वतःपुरतं राखून ठेवत. दुसऱ्या कुणी त्या मापाची रायफल बनवायची नाही, असा तो हक्क. काही जण मात्र आपलं काडतूस साऱ्या धंद्याला खुलं करत. राखून ठेवलेल्या काडतुसाचा मागोवा त्यातल्या त्यात सोपा, कारण एकच घराणं, एकच वही. खुलं केलेलं काडतूस दहा जण वापरतात, दहा जण त्याच्या जाहिराती छापतात आणि प्रत्येकाच्या यादीत साल वेगळं पडतं.

पहिली ठोस पायरी १८९८ सालची. लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं. ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगाने. त्याआधी हत्तीसाठी चार बोअर, आठ बोअरच्या (या जुन्या मोजणीत आकडा जितका लहान तितकी नळी जाड) अवजड तोफवजा बंदुका खांद्यावर घ्याव्या लागत. त्यांतून काळ्या दारूचा एवढा धूर निघे की बार लागला की नाही ते दिसायचं नाही. रिग्बीच्या काडतुसाने हे चित्र बदललं. शिकारीच्या रायफलींचा सगळा पुढचा काळ इथून सुरू होतो, यावर फारसं दुमत नाही.

पण रिग्बीने इथे नेमकं काय शोधलं? सव्वातीन इंच लांबीची ती पुंगळी आधीपासून होती. तीच पुंगळी काळ्या दारूने भरून हरणं, वाघ यांच्या शिकारीसाठी वापरली जात होती. नवी दारू, म्हणजे कॉर्डाइट, सरकारी होती. जॉन रिग्बी १८८७ ते १८९४ या काळात एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे प्रमुख होते. सैन्याचं .३०३ काडतूस आणि त्याची रायफल घडत होती ती याच वर्षांत. धूर न करणारी दारू पोलादी नळीत कशी वागते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. तिथलं ज्ञान त्यांनी जुन्या मोठ्या पुंगळीला लावलं, आणि नव्या दाबाला टिकेल अशी रायफल व कवचाची गोळी जोडली. माझ्या मते श्रेय त्यांचंच आहे, कारण तुकडे जुने असले तरी ते जुळवून दाखवण्याची नजर त्यांची होती. पुंगळीच्या आकाराचं श्रेय मात्र त्यांना देता येत नाही.

कॉर्डाइटचा स्वतःचा जन्मही वादात सापडलेला आहे. सर फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर यांनी १८८९ साली त्याचं पेटंट घेतलं. दोघंही ब्रिटिश सरकारच्या स्फोटक समितीवर होते. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याआधी बॅलिस्टाइट नावाची तशीच दारू तयार केली होती आणि समितीला तिची माहिती व नमुनेही पुरवले होते. नोबेल यांच्या बाजूने खटला उभा राहिला. तो १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि नोबेल हरले. त्यांच्या पेटंटात विरघळणाऱ्या प्रकारचं नायट्रोसेल्युलोज असं लिहिलेलं होतं, तर कॉर्डाइटमध्ये न विरघळणारं वापरलं होतं. त्या एका तांत्रिक फरकावर निकाल फिरला. म्हणजे ज्या दारूवर ही सगळी काडतुसं उभी राहिली, तिच्या बापाचं नाव ठरवायलाही कोर्टात जावं लागलं. काडतुसांबाबत असे खटले सहसा झाले नाहीत. पेटंटही क्वचित घेतलं गेलं. म्हणून तिथे निकालच लागला नाही.

कॉर्डाइटचा एक स्वभाव इथे सांगायला हवा, कारण पुढची कितीतरी काडतुसं त्यातून निघाली. उष्णतेत ते जास्त जोराने जळतं. इंग्लंडच्या थंडीत मोजलेला दाब भारतातल्या वैशाखात किंवा आफ्रिकेच्या उन्हात वाढतो. पुंगळी चेंबरला चिकटून बसते आणि बंदूक उघडत नाही. यावर दोन तोडगे निघाले. उष्ण प्रदेशांसाठी दारू थोडी कमी भरायची, किंवा पुंगळी आणखी मोठी घ्यायची, म्हणजे तेवढीच दारू जास्त जागेत पसरून दाब कमी राहतो. '.४५० नंबर २' या काडतुसाची साडेतीन इंची पुंगळी या दुसऱ्या तोडग्याचं फळ. तिच्यामागे ईलीचं नाव घेतलं जातं, म्हणजे बंदूकवाल्याचं नाही तर काडतूस कारखान्याचं. आकारासाठी कारखान्याला श्रेय मिळाल्याची अशी उदाहरणं थोडीच आहेत.

आता १९०७. या सालाशिवाय मोठ्या बोअरचा इतिहास कळत नाही, आणि त्याचा संबंध थेट भारताशी आहे. ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदान इथे .४५० बोअरचा खासगी दारूगोळा आणायला बंदी घातली. मार्टिनी-हेन्री ही जुनी लष्करी रायफल .४५० बोअरची होती. तशा हजारो रायफली बंडखोरांच्या हातात असू शकतात आणि शिकारीच्या नावाखाली आलेल्या काडतुसांतल्या गोळ्या त्यांत भरल्या जातील, ही सरकारची भीती. त्या वेळी मोठ्या शिकारी रायफलींचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारतातच होतं. संस्थानिक, लष्करी अधिकारी, वनाधिकारी, चहामळ्यांचे मालक. एका हुकुमासरशी सर्वांत लोकप्रिय बोअर त्यांच्यासाठी बंद झालं.

इंग्लंडचे बंदूकवाले गप्प बसले नाहीत. गोळीचा व्यास थोडा वर-खाली करून बंदीच्या बाहेर राहणारी काडतुसं एकामागून एक आली. हॉलंड अँड हॉलंडने .५०० ची पुंगळी निमुळती करून .५००/४६५ आणलं, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. शिवाय .४७५ आणि .४७५ नंबर २. आणि जोसेफ लँगचं .४७०. या सगळ्यांची ताकद जवळजवळ सारखी, गोळी ४८० ते ५२० ग्रेनच्या आसपास. जनावराला त्यांतला फरक कळला नसता. फरक होता तो कस्टमच्या अधिकाऱ्यासाठी.

.४७० चा वाद इथेच आहे. हे काडतूस जोसेफ लँगने आखलं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. .५०० नायट्रो एक्सप्रेसची सव्वातीन इंची पुंगळी तोंडाशी निमुळती केली आणि त्यात ५०० ग्रेनची गोळी बसवली. पण साल? काही संदर्भ १९०० देतात. काही म्हणतात १९०७, कारण बंदीशिवाय या काडतुसाची गरजच काय होती? मला दुसरा युक्तिवाद अर्धाच पटतो. गरज नसतानाही काडतुसं निघतात, बंदूकवाल्यांना ग्राहकासमोर नवीन काही ठेवायचं असतंच. पण एखादं काडतूस आधी कागदावर असलं तरी ते दुकानोदुकानी पसरायला कारण लागतं, आणि ते कारण १९०७ ने दिलं. आखणी आणि प्रसार या दोन वेगळ्या तारखा आहेत आणि वाद घालणारे त्यांना एकच समजून भांडतात, असं माझं मत आहे.

लँगने आणखी एक गोष्ट केली. त्याने .४७० स्वतःपुरतं राखलं नाही, सगळ्यांना खुलं केलं. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ आणि वेस्टली रिचर्ड्सने .४७६ घराण्यात ठेवलं. म्हणून पर्डी असो की रिग्बी, अनेकांनी दुनळी रायफली .४७० मध्ये बनवल्या आणि आजही आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या हातात दुनळी दिसली तर ती .४७० असण्याची शक्यता मोठी. लँगचं नाव मात्र सर्वसामान्य शिकाऱ्याला माहीत नसतं. काडतूस जितकं जास्त पसरलं, तितका कर्ता मागे पडला.

अशाच बंदीमुळे भारतात आणखी एक काडतूस रुजलं, आणि ते आपल्याकडे परवान्याच्या रायफली पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल: .३१५. लष्करी .३०३ नागरिकांना ठेवता येत नव्हतं, म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ बोअरच्या रायफली आल्या. पुढे भारतीय आयुध कारखान्यांनी त्या बनवायला घेतल्या आणि '.३१५ बोअर' हे नाव पक्कं देशी झालं. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ८ × ५० मॅनलिखर आहे. व्हिएन्नाच्या साम्राज्यासाठी बनलेली पुंगळी उत्तर भारतातल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर पोहोचली ती ब्रिटिशांच्या नियमामुळे. बोअर मोठं नसलं तरी नाव आणि मूळ यांची फारकत दाखवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

आता पुन्हा सूलला जाऊ, कारण .५०० जेफरीमध्ये खरा तांत्रिक रस आहे. दुनळी रायफलीत पुंगळीला रुंद कड लागते, म्हणजे ती चेंबरच्या तोंडाशी अडून राहते. माउझर या जर्मन कंपनीच्या बोल्ट रायफलीत (बोल्ट म्हणजे पुढे-मागे सरकवून काडतूस चेंबरमध्ये घालणारा दांडा) मात्र काडतुसं पेटीतून वर सरकतात आणि रुंद कड एकमेकींत अडकते. तिथे बिनकडेची पुंगळी हवी. पण पुंगळी जाड केली की तिचं बूडही मोठं होतं आणि त्यासाठी बोल्टचं तोंड मोठं करावं लागतं. माउझर कंपनी खास मोठ्या काडतुसांसाठी लांब आणि दणकट रचना बनवत असे, ती महाग होती. रिग्बीचं १९११ सालचं .४१६ याच मोठ्या रचनेवर उभं आहे. श्यूलरने वेगळा मार्ग घेतला. पुंगळीचं अंग जाड ठेवलं आणि बूड मात्र अंगापेक्षा बारीक केलं. त्यामुळे मोठ्या काडतुसासाठी बोल्टचं तोंड फारसं वाढवावं लागत नव्हतं. ५३५ ग्रेनची गोळी सेकंदाला २४०० फूट. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत .४६० वेदरबी येईपर्यंत बोल्ट रायफलीतलं हे सर्वांत दांडगं शिकारी काडतूस मानलं जाई.

मग सगळं श्रेय श्यूलरचं? इथेही थोडं थांबावं लागतं. अंगापेक्षा बारीक बुडाची कल्पना बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सने १९०९ च्या .४२५ काडतुसात आधीच वापरली होती, आणि तीही नेमक्या याच कारणासाठी. म्हणजे कल्पना इंग्रजांची, पन्नासाच्या बोअरला लावली जर्मनाने, आणि नाव पुन्हा इंग्रजाचं. पुंगळीची मापं कुणी ठरवली हा प्रश्न असेल तर उत्तर श्यूलर, यात मला शंका वाटत नाही.

जेफरीचं नाव का चिकटलं, याचं नेहमी दिलं जाणारं कारण पहिलं महायुद्ध. लाखो माणसं मेल्यावर इंग्रज गिऱ्हाइकाला जर्मन नाव विकणं अवघड होतं. ते खरं असेलच. पण मला साधं व्यापारी कारणही तितकंच महत्त्वाचं वाटतं. जेफरीची कीर्ती आधीच अशा काडतुसांवर उभी होती. .६०० नायट्रो एक्सप्रेस, .४०४, तीन इंची .४५०/४०० ही सगळी त्यांचीच. जिम कॉर्बेट यांची कुमाऊंतली दुनळी .४५०/४०० जेफरीची होती. अशा पेढीच्या यादीत एक नवं, सर्वांत मोठं काडतूस दिसलं तर ते त्यांनीच घडवलं असं कुणीही मानणार. शिवाय आफ्रिकेत फ्लेचर जेमीसन यांच्यासारख्या हत्तीच्या शिकाऱ्याने जेफरीचीच रायफल वापरली आणि त्या रायफलीची कथा इंग्रजीत लिहिली गेली. सूलच्या गिऱ्हाइकांच्या कथा त्या भाषेत आल्या नाहीत. इतिहास इंग्रजीत लिहिला गेला, म्हणून नाव इंग्रजी राहिलं. जेफरीने या बोअरच्या थोड्याच रायफली बनवल्या, तरीही.

नावांमधले आकडे पाहून मूळ शोधू गेलं तर कधी ते वाट दाखवतात, कधी फसवतात. .४५०/४०० असं जोडनाव दिसलं की समजायचं, .४५० ची पुंगळी निमुळती करून .४०० ची गोळी बसवली आहे. आई आणि मूल दोघांचं नाव एकत्र. पण एकटा आकडा विश्वासाचा नाही. .४०४ जेफरीची गोळी प्रत्यक्षात .४२३ इंच व्यासाची आहे, .४२५ वेस्टली रिचर्ड्सची .४३५, .४७० ची .४७४ च्या आसपास. कुणी नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर मोजलं, कुणी खाचांमधलं, आणि कुणी जाहिरातीत छान दिसेल तो आकडा घेतला. जर्मनांची मिलिमीटरची पद्धत इथे जास्त सरळ आहे. .४०४ ला त्यांच्याकडे १०.७५ × ७३ म्हणतात आणि १०.७५ मिलिमीटर म्हणजे बरोबर .४२३ इंच. त्याच व्यासाचं १०.७५ × ६८ माउझर हे मात्र वेगळं, कमी ताकदीचं काडतूस आहे. या दोघांना एकच समजून लिहिलेले परिच्छेद मी अनेकदा वाचले आहेत, आणि .४०४ चं मूळ जर्मन असल्याच्या समजाला ही गफलत थोडीबहुत कारणीभूत असावी असं वाटतं.

मग पुरावा म्हणून काय धरायचं? सर्वांत आधी कारखान्याचा तारीख घातलेला नकाशा. तो मिळाला तर बाकी बोलणं संपतं. पण किनॉक आणि ईली १९१८ साली एका मोठ्या समूहात विलीन झाल्या, तो समूह पुढे नोबेल इंडस्ट्रीज झाला आणि १९२६ साली आयसीआय या रसायन कंपनीत गेला. जेफरीची पेढीही शेवटी हॉलंड अँड हॉलंडकडे गेली. अशा प्रत्येक हस्तांतरात कागद गहाळ होतात. त्यानंतर येतात बंदूकवाल्यांच्या वह्या. कोणत्या क्रमांकाची रायफल कोणत्या बोअरची, कुणाला, कधी दिली, हे त्यांत असतं. तिसरा पुरावा प्रूफ-हाउसचे शिक्के. विकण्याआधी प्रत्येक नळी जादा दाबाने तपासून घ्यावी लागते. लंडनमध्ये हे काम १६३७ पासूनची गनमेकर्स कंपनी करते, बर्मिंगहॅमचं प्रूफ-हाउस १८१३ चं. जर्मन शिक्क्यांत बऱ्याचदा महिना आणि वर्षही असतं, त्यामुळे सूलची रायफल स्वतःच आपलं वय सांगते. शिक्का एवढंच सिद्ध करतो की त्या तारखेला हे काडतूस अस्तित्वात होतं. त्याआधी किती वर्षं होतं, ते तो सांगत नाही.

छापील याद्या हा सर्वांत सहज मिळणारा पुरावा आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरला जाणारा. त्यांच्यावर माझा भरवसा सर्वांत कमी. यादीत नाव आलं म्हणजे माल विक्रीला आला एवढंच. .६०० चं साल चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात फिरतं, त्याचं एक कारण हेच. एकाने पहिल्या रायफलीची तारीख धरली, दुसऱ्याने यादीची.

अमेरिकेत गोष्ट पन्नास वर्षं उशिरा घडली आणि तिथे कागदपत्रं भरपूर असूनही वाद झालाच. भारत स्वतंत्र झाला, आफ्रिकेतल्या वसाहती सुटू लागल्या, ब्रिटिश बंदूकवाल्यांचं गिऱ्हाईक आटलं. १९६० च्या दशकात किनॉकने मोठी शिकारी काडतुसं बनवणं थांबवलं. त्याआधीच, १९५६ साली, अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणलं होतं. हॉलंड अँड हॉलंडच्या १९१२ सालच्या .३७५ ची पट्टेवाली, म्हणजे बुडाशी जाड पट्टा असलेली, पुंगळी अडीच इंचांपर्यंत आखूड आणि सरळ केली, आणि जुन्या .४५० सारखी ताकद साध्या लांबीच्या, परवडणाऱ्या रायफलीत बसवली. कल्पना चांगली होती. पण आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागे, साठवणीत ती घट्ट बसून नीट जळेना, आणि छापलेला वेग प्रत्यक्षात मिळेना.

जॅक लॉट हे बंदुकांवर लिहिणारे अमेरिकी शिकारी. १९५९ साली मोझांबिकमध्ये एका रानरेड्याने त्यांना जखमी केलं. तेव्हा त्यांच्या हातात .४५८ होतं. १९७१ च्या सुमारास त्यांनी .३७५ ची पुंगळी जवळजवळ पूर्ण लांबीची, २.८ इंचांची ठेवून .४५८ लॉट आखलं. आक्षेप असा की पूर्ण २.८५ इंच लांबीचं .४५० वॉट्स आधीपासून होतं. फरक पाच शतांश इंचाचा. मग नवं काय? आकार म्हणून फारच थोडं, हे मान्य करावं लागेल. पण लॉटच्या चेंबरमध्ये साधं .४५८ विंचेस्टरही झाडता येतं, आणि लॉटने लिहून-बोलून हे काडतूस लोकांपुढे ठेवलं. पुढे कारखान्यांनी ते भरायला घेतलं. वॉट्सचं काडतूस हौशी कारागिरांपुरतंच राहिलं. पहिली वाट काढल्याचा मान मी वॉट्सना देईन. नाव मात्र लॉटचंच राहणार.

जन्म अगदी स्वच्छ नोंदलेलं काडतूस पाहायचं असेल तर .७०० नायट्रो एक्सप्रेस पाहावं. १९८८ साल. विल्यम फेल्डस्टाइन या अमेरिकी संग्राहकाला हॉलंड अँड हॉलंडकडून .६०० बोअरची नवी दुनळी हवी होती. पेढीने मागे एक .६०० 'शेवटची' म्हणून विकली होती आणि तो शब्द मोडायला तयार नव्हती. तेव्हा फेल्डस्टाइन आणि जिम बेल यांनी त्याहून मोठं, हजार ग्रेनच्या गोळीचं काडतूसच नव्याने आखलं. कुणी मागितलं, कुणी आखलं, रायफल कुणी बनवली, सगळ्यांची नावं आपल्याकडे आहेत. १९०० च्या आसपासही अशाच बैठका झाल्या असतील, फक्त त्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, आणि ते योग्यच झालं. पण या वादांचा एक भाग आजही जिवावर बेतू शकतो. अनेक घराण्यांत पणजोबांची दुनळी परवान्यावर जपलेली असते. .४७५ नंबर २ या नावाची दोन काडतुसं आहेत. एकाची गोळी .४८३ इंचांची आणि जेफरीच्या प्रकाराची .४८८ च्या आसपास. पुंगळी सारखी, नाव जवळजवळ सारखं. जाड गोळी बारीक नळीतून गेली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. श्यूलर आणि जेफरी यांच्या जुन्या चेंबरांची मापंही तंतोतंत जुळतील असं धरता येत नाही. युरोपातल्या सीआयपी या संस्थेने आता एक प्रमाण माप ठरवून दिलं आहे, पण शंभर वर्षांपूर्वीच्या नळीला ते माहीत नव्हतं. म्हणून अशी बंदूक हाती असेल तर नळीवर कोरलेलं नाव वाचून काडतूस मागवू नये. परवानाधारक, जाणत्या बंदूक कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्यावा, नळीचा व्यास खाचांपर्यंत मोजून घ्यावा, आणि प्रूफच्या शिक्क्याशेजारी गोळीचं वजन व कॉर्डाइटचं माप कोरलेलं आहे का ते पाहावं. ब्रिटिश नायट्रो रायफलींवर ते बहुधा असतं.